दिसणारा अभ्यास आणि न दिसणारे शिकणे

मूल रोज शाळेत जाते, त्याची वही भरलेली असते, गृहपाठ वेळेवर होतो आणि चाचणीत गुणही बरे पडतात. तेव्हा ते शिकत आहे असे आपण धरून चालतो. हजेरी, वही, गृहपाठ आणि गुण या चारही गोष्टी डोळ्यांना दिसतात, मोजता येतात आणि नोंदवहीत लिहिता येतात. शिकणे मात्र मुलाच्या डोक्यात, सावकाश आणि बाहेर फारसा सुगावा न लागू देता घडते. म्हणून शाळा, शिक्षक आणि पालक हे तिघेही आपापल्या सोयीची एखादी दिसणारी खूण पकडतात आणि तिच्यावरून शिकण्याचा अंदाज बांधतात. आजच्या शिक्षणातल्या ज्या अडचणींची नेहमी चर्चा होते, म्हणजे गुणांची स्पर्धा, अभ्यासक्रमाचा रेटा, गृहपाठावरून घरोघरी होणारे वाद, मोबाईल आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता, त्यांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ इथे सापडते. पैसा, इमारती आणि शिक्षकांची संख्या हे प्रश्न खरेच आहेत. पण ते ज्या शाळांमध्ये सुटले आहेत तिथेही ही मूळ अडचण उरतेच.

आज जमले, पुढच्या आठवड्यात गेले

वर्गात शिक्षकांनी एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवले आणि लगेच तसेच दुसरे मुलांना दिले, तर बहुतेक मुले ते सोडवतात. त्या क्षणी मुलांनी जे करून दाखवले ती त्यांची तात्कालिक कामगिरी असते. तीच गोष्ट तीन आठवड्यांनी, वेगळ्या शब्दांत विचारल्यावर, कोणी आठवण करून न देता जमली, तर ती शिकली गेली असे म्हणता येते. या दोन गोष्टी एकच नाहीत, हे रॉबर्ट ब्योर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे मांडले आहे. त्यांच्या म्हणण्यातला अस्वस्थ करणारा भाग पुढचा आहे. ज्या पद्धतींनी आजची कामगिरी चटकन सुधारते, त्यांतल्या काही पद्धती टिकाऊ शिकण्याला मारक ठरतात, आणि ज्या पद्धतींत मूल आज अडखळते, त्यांतल्या काही पुढे अधिक उपयोगी पडतात.

हेनरी रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचे स्वच्छ उदाहरण आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासायला दिला. एका गटाने तो लागोपाठ चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणाऱ्या गटाला सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि लिहून काढणाऱ्यांकडे ६१ टक्के. आपल्याला किती आठवेल असे वाटते, हे दोन्ही गटांना आधीच विचारले होते, आणि चार सत्रे वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास जास्त होता. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा समज होतो. स्वतः शिकणाऱ्यालाही जिथे आपले शिकणे नीट दिसत नाही, तिथे बाहेरच्याला ते दिसणे आणखी अवघड.

गणितातही असेच घडते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये चार वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला विद्यार्थ्यांना शिकवले. काहींना एका प्रकारची सगळी उदाहरणे संपवून मग दुसऱ्या प्रकाराची दिली, तर काहींना चारही प्रकार मिसळून दिले. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि दुसऱ्या गटाची फक्त ६०. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६३ वर होता. कारण समजायला कठीण नाही. एकाच प्रकाराची दहा उदाहरणे ओळीने सोडवताना कोणते सूत्र वापरायचे हा प्रश्नच उरत नाही, फक्त आकडे बदलत जातात. परीक्षेत आणि आयुष्यात मात्र सूत्र निवडणे हेच खरे काम असते. आता बहुतेक पाठ्यपुस्तकांतले स्वाध्याय कसे रचलेले असतात ते आठवून पाहावे. एका प्रकरणामागे एक स्वाध्याय आणि त्यात त्याच प्रकाराची उदाहरणे. असा स्वाध्याय सोडवणाऱ्या मुलाची वही नीटनेटकी आणि बिनचूक दिसते, शिक्षकांचे समाधान होते, घरी पालकही खूश होतात, आणि सहामाहीच्या वेळी 'तेव्हा तर सगळे येत होते' या वाक्याने घरातल्या चर्चेला सुरुवात होते.

पालक काय पाहतात

पालकांच्या हाती सगळ्यांत कमी माहिती असते. वर्गात काय घडले ते त्यांना मुलाच्या तोंडून, वहीतून किंवा शाळेच्या संदेशातून कळते, आणि 'आज काय शिकवले?' या प्रश्नाचे 'काही नाही' हे उत्तर जगभर सारखेच आहे. अशा स्थितीत गृहपाठ ही घरात दिसणारी एकमेव खूण उरते. गृहपाठ जास्त असेल तर शाळा चांगली, कमी असेल तर शाळा ढिली, असा हिशेब त्यातूनच येतो. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गृहपाठावरील संशोधनाचा २००६ मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा वरच्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा बऱ्यापैकी संबंध दिसला. प्राथमिक वर्गांत तो फारच क्षीण होता. म्हणजे सात वर्षांच्या मुलाबरोबर रात्री उशिरापर्यंत जी रस्सीखेच चालते, तिच्यामागे शैक्षणिक कारण फारसे नाही. लहान मुलाला गृहपाठ देऊच नये असा याचा अर्थ मी काढणार नाही. पण त्यावरून शाळेची पारख करू नये, एवढे नक्की म्हणता येते.

मदत करण्याच्या पद्धतीचाही प्रश्न आहे. एरिन मॅलोनी, सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे तरीही मुलांना गणिताच्या गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्यातही गणिताची भीती वाढली. तितकीच धास्ती असलेल्या, पण क्वचितच मदत करणाऱ्या पालकांच्या मुलांबाबत तसे आढळले नाही. हेतू चांगला आणि कष्टही मनापासूनचे, पण मुलापर्यंत पोहोचली ती भीती. 'मलाही कधी गणित आले नाही' हे वाक्य आपण मुलाला धीर देण्यासाठी बोलतो आणि मूल त्यातून हा विषय आपल्या घरात कोणाला जमत नाही, एवढेच उचलते.

कौतुकाचेही असेच आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत काही मुलांना 'तू हुशार आहेस' असे म्हटले आणि काहींना 'तू चांगली मेहनत घेतलीस' असे. पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर हुशारीचे कौतुक झालेली मुले लवकर नाउमेद झाली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधीच सोप्या, हमखास जमणाऱ्या प्रश्नांना पसंती दिली होती. हुशार दिसत राहणे हे एकदा काम होऊन बसले की अवघड प्रश्न धोक्याचा वाटतो. मात्र या कल्पनेचा पुढे भिंतीवरच्या तक्त्यांपासून प्रेरणादायी भाषणांपर्यंत जो प्रसार झाला, तितकी ताकद तिच्यात नाही. केवळ मनोवृत्ती बदलवणाऱ्या उपक्रमांचे परिणाम मोठ्या पाहण्यांत लहानच आढळले आहेत. मेहनतीचे कौतुक करायचे तर ते कोणत्या मेहनतीचे, हे सांगता यायला हवे. तेच चुकीचे सूत्र दहा वेळा लावणाऱ्या मुलाला आणखी मेहनत कर असे सांगून काही होत नाही.

शिक्षकांची कोंडी

शिक्षकांपुढचा सगळ्यांत मोठा प्रश्न वर्गातल्या अंतराचा आहे. एका इयत्तेत बसलेली मुले एकाच वयाची असतात, एका पातळीची नसतात. पाचवीच्या वर्गात काही मुले सातवीचे पुस्तक वाचू शकतात आणि काहींना दुसरीचा उतारा अडतो. अभ्यासक्रम मात्र एकच, आणि तो ठरलेल्या तारखेला संपवायचा असतो. पोर्शन पूर्ण झाला का, हा प्रश्न मुख्याध्यापक विचारतात, अधिकारी विचारतात, पालकही विचारतात; तो कितीजणांच्या डोक्यात गेला, हे विचारण्याची सोय कोणत्याच तक्त्यात नसते. साहजिकच शिक्षकांचा वेग वर्गातल्या पुढच्या मुलांच्या वेगाशी जुळतो. मागे राहिलेले मूल दंगा करत नसेल तर ते वर्षभर कोणाच्या नजरेतही येत नाही.

याचा परिणाम केनियातल्या एका अभ्यासातून फार स्पष्ट दिसला. पॉल ग्लेवी, मायकल क्रेमर आणि सिल्वी मूलिन यांनी ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तके पुरवण्याच्या कार्यक्रमाची तपासणी केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुस्तकांची टंचाई असलेल्या ठिकाणी पुस्तके दिल्यावर सगळ्यांचीच प्रगती होईल अशी अपेक्षा होती. पण सरासरी मुलाच्या गुणांत फरक पडला नाही, आधीपासून पुढे असलेल्या मुलांना तेवढा लाभ झाला. पुस्तके इंग्रजीत होती, ती भाषा बहुतेक मुलांची तिसरी होती, आणि मजकुराची पातळी त्या वर्गातल्या सर्वसाधारण मुलाच्या आवाक्याबाहेर होती. पुस्तक मुलाच्या हातात आहे, हे दिसत होते. ते त्याला वाचता येत नाही, हे पुस्तक वाटणाऱ्यांना दिसत नव्हते. पुढे केनियातच एस्थर दुफ्लो, पास्कलिन दुपा आणि क्रेमर यांनी पहिलीच्या वर्गांची सुरुवातीच्या पातळीनुसार विभागणी करून पाहिली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुढच्या आणि मागच्या, दोन्ही तुकड्यांतल्या मुलांना फायदा झाल्याचे आढळले, कारण शिक्षकांना समोरच्या मुलांच्या पातळीवरून सुरुवात करणे शक्य झाले. अशी विभागणी कायमची केली तर मागच्या तुकडीवर शिक्का बसतो आणि ती तशीच मागे राहते, ही भीती रास्त आहे. म्हणून दिवसातला काही वेळ, ठरावीक कौशल्यापुरते गट करणे आणि ते वरचेवर बदलणे हा मार्ग मला अधिक सुज्ञपणाचा वाटतो.

वाचनाच्या बाबतीत तर फसगत दुहेरी असते. मूल धडा घडाघडा वाचते, उच्चार शुद्ध असतात, आणि अर्थ विचारला की गप्प बसते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये सुचवलेली मांडणी इथे कामी येते. त्यांच्या मते वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार. गुणाकारातला एक घटक शून्य असेल तर दुसरा कितीही मोठा असला तरी उत्तर शून्यच येते. आणि भाषा समजण्यात त्या विषयाच्या माहितीचा वाटा फार मोठा असतो. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची मानली गेलेली, पण बेसबॉलची जाण असलेली मुले, वाचनात पक्क्या पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा ते वर्णन चांगले समजू शकली. म्हणजे इतिहास, भूगोल आणि विज्ञानाचा वेळ कापून तो 'वाचन सुधारण्यासाठी' देणारी शाळा काही वर्षांनी वाचनाचेच नुकसान करते. तिला हे कळत नाही, कारण तपासणी होते ती मिनिटाला किती शब्द वाचले याची.

वही तपासण्याच्या कामाकडेही जरा नीट पाहायला हवे. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येक वहीला तीन मिनिटे दिली तर एका विषयाच्या एका गृहपाठामागे दोन तास जातात. दोन तुकड्या असतील तर चार. एवढा वेळ खर्च करून शिक्षक काय देतात? बहुतेक वेळा दहापैकी सात, आणि खाली 'चांगला प्रयत्न'. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या शाळांत तीन पद्धती तपासल्या. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त कामाविषयी लेखी अभिप्राय, आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि रस टिकून राहिला तो फक्त अभिप्राय मिळालेल्यांचा. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेली मुले फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली. गुण दिसला की मूल आपला आकडा पाहते, शेजाऱ्याचा पाहते आणि वही मिटते. म्हणजे शिक्षकांनी मेहनतीने लिहिलेला शेरा त्याच्या शेजारच्या आकड्यामुळे वाया जातो. पण आकडा काढून टाका असे शिक्षकांनी ठरवले तर दुसऱ्याच दिवशी पालकांची विचारणा होते की यंदा वही तपासलीच नाही का.

हे सगळे ज्या माणसांनी करायचे, त्यांची संख्याच अपुरी आहे. २०३० पर्यंत प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्यासाठी जगाला आणखी ४.४ कोटी शिक्षक लागतील, असा युनेस्कोचा अंदाज आहे. त्याच अहवालानुसार प्राथमिक शिक्षकांचे पेशा सोडण्याचे वार्षिक प्रमाण २०१५ मधील ४.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये सुमारे ९ टक्क्यांवर गेले. नवी भरती होते, पण नवख्या शिक्षकाला वर्ग सांभाळायला शिकण्यातच पहिली काही वर्षे जातात, आणि तो तयार होतो त्या सुमारास निघून गेला तर मुलांच्या वाट्याला पुन्हा नवखाच येतो. शिवाय नोंदी, अहवाल, फोटो, ऑनलाईन माहिती भरणे यांत जाणारा वेळ शिकवण्याच्या तयारीतून वजा होतो. यातली बरीचशी कागदपत्रे शिकवणे झाल्याचा पुरावा म्हणून मागितली जातात, आणि त्यांच्यासाठी शिकवण्याचाच वेळ खर्ची पडतो, ही विसंगती कोणाच्याही लक्षात येण्यासारखी आहे.

मोजमापाचा दाब

शाळा ही संस्था म्हणून या साऱ्याच्या वर उभी असते आणि तिच्याकडे निकाल मागितला जातो. सामाजिक शास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात नोंदवलेले निरीक्षण आज नियम म्हणून ओळखले जाते. एखाद्या आकड्यावर मोठे निर्णय अवलंबून ठेवले की तो आकडा बिघडवण्याचा दाब वाढतो, आणि जी गोष्ट मोजण्यासाठी तो वापरला जात होता तीही बिघडते. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात याचे टोकाचे रूप दिसले. तिथल्या २००९ च्या राज्य चाचणीत उत्तरपत्रिकांवर चुकीची उत्तरे खोडून बरोबर केल्याच्या खुणा अस्वाभाविक प्रमाणात आढळल्या. २०११ मध्ये आलेल्या राज्याच्या चौकशी अहवालात ४४ शाळांतले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गैरप्रकारात गुंतल्याचे म्हटले होते, आणि २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. गुणांवर नोकरी आणि बक्षिसे टांगलेली होती. त्यात सर्वांत मोठा तोटा झाला तो ज्या मुलांना मदतीची गरज होती त्यांचा. त्यांचे गुण कागदावर वाढल्यामुळे त्यांना मदत द्यायला कोणी गेलेच नाही.

इतक्या उघड फसवणुकीपर्यंत फार थोड्या शाळा जातात. पण तिची सौम्य रूपे सर्वत्र असतात. हमखास येणारे प्रश्न गिरवून घेणे, परीक्षेत नसलेले विषय गुंडाळणे, काठावरच्या मुलांवर सगळे लक्ष देऊन अगदी मागच्यांना सोडून देणे, हे सगळे कायद्यात बसते. यासाठी मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे. मला तो अपुरा वाटतो, कारण पालक शाळा निवडताना निकालाची टक्केवारीच पाहतात आणि जी शाळा वेगळे काही करू पाहते तिची पटसंख्या घटते.

त्यात २०२० ची टाळेबंदी आली. त्या वर्षी शाळा बंद झाल्याचा फटका जगभरातल्या दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांना बसला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी ज्यांना साधा मजकूर वाचून समजत नाही त्यांचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेले असावे, असा अंदाज जागतिक बँकेने २०२२ मध्ये दिला. साथीपूर्वी ते प्रमाण ५७ टक्के होते. पंधरा वर्षांच्या मुलांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ ते २०२२ या काळात विकसित देशांच्या गटाची गणितातली सरासरी सुमारे १५ गुणांनी घसरली. मात्र सगळा दोष साथीवर टाकता येत नाही, कारण वाचन आणि विज्ञानातली घसरण त्याआधीच सुरू झाली होती. शाळा पुन्हा उघडल्यावर बहुतेक ठिकाणी मुले वरच्या इयत्तेत बसवली गेली आणि त्या इयत्तेचा अभ्यासक्रम सुरू झाला. मधला तुटलेला भाग जोडण्यासाठी वेळापत्रकात जागा फार थोड्या ठिकाणी केली गेली.

नवी साधने, जुनीच फसगत

मोबाईलविषयी थोडक्यात सांगता येते. २०२२ च्या पिसा पाहणीत जवळपास दोन तृतीयांश विद्यार्थ्यांनी गणिताच्या किमान काही तासांना डिजिटल उपकरणांमुळे आपले लक्ष विचलित होते असे सांगितले. फ्रान्सने २०१८ मध्येच शाळांत मोबाईल वापरायला कायद्याने बंदी केली आणि त्यानंतर अनेक देश त्या वाटेने गेले. बंदीने गुण किती वाढतात यावर अभ्यासांचे एकमत नाही. तरीही तासाला लक्ष विचलित होऊ नये यासाठी गुणवाढीचा पुरावा मागत बसण्याची गरज मला वाटत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न मात्र खोल आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि दिसणारी जवळजवळ प्रत्येक खूण एका झटक्यात अविश्वसनीय ठरली. निबंध, प्रकल्प, सोडवलेली गणिते, पुस्तकाचा सारांश, सगळे काही मिनिटांत, शुद्ध भाषेत तयार होते. घरी लिहून आणलेला निबंध हा मुलाने विचार केल्याचा पुरावा मानला जात असे, तो आता पुरावा राहिलेला नाही.

त्याचा शिकण्यावर काय परिणाम होतो हे तुर्कीतल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर तपासले गेले. हम्सा बस्तानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावाच्या वेळी एका गटाला नेहमीसारखा संवाद साधणारा चॅटबॉट दिला, दुसऱ्या गटाला शिक्षकांच्या मदतीने तयार केलेला, थेट उत्तर न देता फक्त इशारे देणारा, आणि तिसऱ्या गटाला फक्त पुस्तके आणि वह्या. सरावात पहिल्या गटाची कामगिरी पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्या गटाची १२७ टक्क्यांनी चांगली झाली. मग साधने काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट पुस्तकवाल्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. इशारे मिळालेल्या गटाचे तसे नुकसान झाले नाही, पण सरावातल्या झेपेच्या मानाने परीक्षेत फायदाही दिसला नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या चार सत्रे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचीच ही मोठी आवृत्ती आहे. व्यायामशाळेत दुसऱ्याने वजने उचलावीत आणि आपण नोंदवहीत आपले नाव लिहावे, असा हा प्रकार होतो.

यावर उपाय म्हणून निबंध यंत्राने लिहिला की मुलाने, हे ओळखणारी साधने शाळा वापरू लागल्या. त्यांच्यावर विसंबून मुलावर आरोप करणे धोक्याचे आहे, कारण ती प्रामाणिकपणे लिहिलेल्या मजकुरालाही यंत्राचा ठरवू शकतात. त्यापेक्षा काही लेखन वर्गातच करून घेणे आणि घरी लिहिलेल्या मजकुरावर मुलाशी पाच मिनिटे बोलणे अधिक खात्रीचे आहे. 'हे वाक्य इथे का घेतलेस?' या प्रश्नाचे उत्तर ज्याने विचार केला आहे तो देऊ शकतो, चुकतमाकत का होईना. यातही अडचण वेळाचीच आहे. ४० मुलांशी पाच मिनिटे म्हणजे तीन तास वीस मिनिटे.

थोडेसे दिसू शकते

शिकणे पूर्णपणे दिसणार नाही, पण त्याचा बराच भाग स्वस्तात उजेडात आणता येतो. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की शिकवता शिकवता मुलांना काय समजले याचा अंदाज घेऊन पुढचे शिकवणे बदलले, तर शिकण्यात लक्षणीय फरक पडतो. यासाठी मोठी परीक्षा लागत नाही. तास संपताना एक नेमका प्रश्न विचारून चिठ्ठीवर उत्तर घेणे, गुण न देता मागच्या महिन्यातल्या धड्यावर चार प्रश्न विचारणे, स्वाध्यायात जुने प्रकार मिसळणे, एवढेही पुरते. चिठ्ठ्यांचे 'आले', 'अर्धवट आले' आणि 'आले नाही' असे तीन गठ्ठे करायला दहा मिनिटे लागतात, म्हणजे वह्या तपासण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी कमी. मात्र त्यासाठी एका गोष्टीची परवानगी शाळेने द्यायला हवी. तिसरा गठ्ठा मोठा निघाला तर उद्याचा धडा पुढे ढकलण्याची मुभा शिक्षकांना असली पाहिजे. ती नसेल तर चिठ्ठ्या गोळा करण्यात अर्थ नाही.

अशा पद्धती सुरुवातीला सगळ्यांनाच खटकतात, हेही शाळांनी पालकांना आधी सांगून ठेवावे. हार्वर्ड विद्यापीठात लुई देलोरिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा स्वतः धडपडून प्रश्न सोडवणारे विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असे वाटले. हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांची ही स्थिती असेल तर मिश्र स्वाध्यायात अर्धी उत्तरे चुकवून घरी आलेल्या मुलाकडे आणि त्याच्या वहीकडे पाहून पालकांनी काळजीत पडणे अगदी स्वाभाविक आहे. शाळेने सत्राच्या सुरुवातीलाच सांगितले की या वहीत चुका दिसतील, त्या का दिसतील, आणि सहामाहीनंतर त्याच प्रकारच्या प्रश्नांची पुन्हा तपासणी करून निकाल तुम्हाला दाखवू, तर पालकसभेतल्या बोलण्याला काही आधार मिळतो.

घरी पालकांना गणित किंवा विज्ञान येण्याची गरज नाही. पुस्तक मिटून 'आज जे झाले ते मला समजेल असे सांग' एवढे म्हणणे पुरेसे आहे, कारण सांगताना मुलाला आठवावे लागते, आणि आठवण्याचा परिणाम वर आलेल्या ६१ आणि ४० टक्क्यांच्या आकड्यांत दिसतोच. मूल मध्येच अडले तर उत्तर सांगण्याची घाई करू नये. अडलेली जागा वहीच्या कडेला लिहून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना दाखवायला सांगावी. शिक्षकांच्या हाती अशा नेमक्या जागा आल्या, तर त्यांना पूर्ण वहीवर तीन मिनिटे घालवण्याऐवजी त्या एका जागेवर घालवता येतात.